तीन दिवसांचा नियम

अमेरिकेच्या केंद्रीय नियमावलीत अमली औषधांच्या वाटपासंबंधी एक छोटे कलम आहे. डॉक्टर मंडळी त्याला ‘तीन दिवसांचा नियम’ किंवा ‘बहात्तर तासांचा नियम’ म्हणतात. अफूवर्गीय पदार्थाचे व्यसन असलेला माणूस नशा उतरल्यावरच्या यातनांनी तळमळत डॉक्टरांकडे आला, तर त्याला तात्पुरता आराम पडेल असे औषध द्यायला हे कलम परवानगी देते. मात्र अनेक दशके त्याला तीन अटी जोडलेल्या होत्या. औषधाची चिठ्ठी लिहून द्यायची नाही, ते समोर बसवून द्यायचे. एका वेळी एका दिवसापुरतेच द्यायचे. आणि असे जास्तीत जास्त तीन दिवस द्यायचे. तेवढ्या मुदतीत रुग्णाची परवानाधारक केंद्रात सोय लावायची. मुदतवाढ नाही.

या अटींचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्याला धड उभे राहवत नाही अशा माणसाने सलग तीन दिवस रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत यायचे, तासन् तास रांगेत बसायचे, एक मात्रा घ्यायची आणि घरी जायचे. घर असेल तर. चौथ्या दिवशी केंद्रात जागा मिळाली नाही, तर डॉक्टरांचे हात कायद्याने बांधलेले. गंमत अशी, की याच डॉक्टरला पाठदुखीच्या रुग्णासाठी अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी लिहायला अशी कुठलीच आडकाठी नव्हती. व्यसन लावू शकणारे औषध देणे सोपे आणि व्यसनावरचे औषध देणे अवघड, अशी ही उलटी व्यवस्था होती.

ती कशी घडली आणि तिच्यामुळे दाराबाहेर कोण राहिले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. न्यायालयांचे निकाल, सरकारी अहवाल आणि वैद्यकीय नियतकालिकांतले लेख एकापुढे एक लावून वाचण्याचा नाद, एवढेच माझे भांडवल. असे वाचत गेल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसते. या नियमाची मुळे औषधशास्त्रात कमी आणि ‘व्यसनी माणूस म्हणजे कोण’ या समाजाच्या कल्पनेत जास्त आहेत. त्या कल्पनेला अलीकडे आकडेवारीने आव्हान दिले, त्यात तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे.

आजारी बाई आणि गुन्हेगार परका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मॉर्फिनची सवय लागलेली सर्वसामान्य व्यक्ती कशी होती? इतिहासकार डेव्हिड कोर्टराइट यांनी जुन्या नोंदींवरून दाखवले आहे, की ती बहुधा मध्यमवयीन, मध्यमवर्गीय गोरी स्त्री असे. इंजेक्शनची सुई नुकतीच प्रचारात आली होती. कुठल्याही दुखण्यावर डॉक्टर मॉर्फिन टोचत. सवय लागली तरी ती बाई आजारीच मानली जाई. तिला औषध तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडून किंवा दुकानातून मिळत राही. पोलिसाचा तिथे संबंध नव्हता.

त्याच काळात सॅन फ्रान्सिस्को शहराने १८७५ साली अफू ओढण्याच्या अड्ड्यांवर बंदी घातली. मॉर्फिन टोचण्यावर नव्हे, अफू ओढण्यावर. कारण ओढणारे प्रामुख्याने चिनी मजूर होते. या अफूशी आपलाही दूरचा संबंध आहे. हाँगकाँगमध्ये शिजवून पॅसिफिकपार जाणारी ही अफू मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातल्या कच्च्या मालाची असे. चीनला माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या किती तरी पेढ्या उभ्या राहिल्या, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. द्रव्य मूळचे एकच. पण सुईतून घेणारी बाई रुग्ण आणि चिलमीतून घेणारा मजूर गुन्हेगार, ही विभागणी तेव्हा झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी याच विभागणीत काळ्या माणसाची भर पडली. कोकेन घेतलेला काळा पुरुष हिंसक होतो, गोळी लागूनही पडत नाही, असल्या गोष्टी प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी १९१४ साली छापल्या. त्याच वर्षी १७ डिसेंबरला ‘हॅरिसन कायद्या’वर अध्यक्ष विल्सन यांची सही झाली. कागदोपत्री हा कर आणि नोंदणीचा कायदा होता. डॉक्टरने ‘आपल्या व्यवसायाच्या ओघात’ ही औषधे द्यायला त्यात मुभा होती. पुढची साठ वर्षे सगळा वाद या तीन शब्दांभोवती फिरला. व्यसनी माणसाला त्याची मात्रा चालू ठेवणे, हे डॉक्टरच्या व्यवसायाच्या ओघात येते की नाही?

३ मार्च १९१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: येत नाही. प्रकरण टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरातले वेब नावाचे डॉक्टर आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर मॉर्फिन देणारा औषधविक्रेता यांचे होते. उपचाराचा हेतू नसताना, केवळ सवय भागवण्यासाठी दिलेल्या कागदाला चिठ्ठी म्हणताच येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या निकालानंतर व्यसनी लोक एकाएकी उघड्यावर पडले. म्हणून अनेक शहरांनी नगरपालिकेचे दवाखाने उघडले. त्यांतला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा डॉ. विलिस बटलर यांचा दवाखाना विशेष नीट चालला. रुग्णांना ठरलेली मात्रा मिळे आणि कामधंदा करण्यावर भर असे. केंद्र सरकारच्या दबावाखाली हे दवाखाने एकामागून एक बंद पडले; श्रीव्हपोर्टचा १९२३ साली.

त्यानंतर १९२५ साली एक विलक्षण निकाल आला. स्पोकेन शहरातले डॉ. चार्ल्स लिंडर यांनी सरकारी खबरी असलेल्या एका व्यसनी बाईला मॉर्फिनची एक आणि कोकेनच्या तीन गोळ्या दिल्या, म्हणून त्यांना शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली आणि व्यसनी लोक हे रोगी आहेत, त्यांच्यावर उपचार होणे योग्य आहे, असे निकालात नमूद केले. कायद्याच्या दृष्टीने दार पुन्हा उघडले. पण डॉक्टर परतले नाहीत. सहा वर्षांच्या खटल्यांनी घातलेली भीती एका निकालाने जात नाही. अमेरिकी वैद्यकाने व्यसनाकडे पाठ फिरवली ती इथे, आणि पुढच्या पिढ्यांतल्या डॉक्टरांना हे आपले कामच नव्हे, असे वाटू लागले.

शेत, तुरुंग आणि मेथाडोन

१९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टनजवळ सरकारने एक प्रचंड संस्था उघडली. तिचे नाव ‘नार्कोटिक फार्म’. ती निम्मी रुग्णालय आणि निम्मी तुरुंग होती. कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण एकाच छताखाली राहत, शेतात आणि गोठ्यात काम करत. तिथून बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावा झाला तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनाकडे वळलेले आढळले. नशा अंगातून उतरवणे म्हणजे व्यसन बरे करणे नव्हे, हा धडा तिथे मोठ्या खर्चाने मिळाला.

तो धडा घेऊन लेक्सिंग्टनमधून बाहेर पडलेल्या एक मनोविकारतज्ज्ञ म्हणजे मेरी निस्वांडर. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले चयापचयाचे अभ्यासक व्हिन्सेंट डोल आणि तरुण डॉक्टर मेरी जीन क्रीक यांच्यासह त्यांनी मेथाडोनचे प्रयोग केले. मेथाडोन हेही अफूवर्गीयच औषध; पण तोंडाने घेतले की दिवसभर पुरते, चढ-उतार करत नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये डोल आणि निस्वांडर यांनी २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हेरॉइनसाठी वणवण करणारी माणसे शाळेत आणि नोकरीत परतली होती. मधुमेह्याला जसे इन्सुलिन, तसे हे औषध, अशी त्यांची मांडणी होती.

मांडणी वैद्यकीय होती, पण अंमलबजावणी पोलिसी पद्धतीची झाली. १९७० च्या दशकातल्या नियमांनी मेथाडोन फक्त परवानाधारक केंद्रांत कोंडले. १९७४ च्या कायद्याने व्यसनावरील उपचारासाठी स्वतंत्र नोंदणी सक्तीची केली, आणि वर सांगितलेली तीन दिवसांची सवलत त्याच चौकटीतली. रुग्णाने रोज सकाळी यायचे, खिडकीपुढे रांग लावायची, परिचारिकेसमोर औषध प्यायचे, मूत्रतपासणी द्यायची. ही केंद्रे बहुतांशी काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांत उभी राहिली. त्या वस्त्यांतही त्यांचे स्वागत एकमुखी नव्हते. नोव्हेंबर १९७० मध्ये साउथ ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयाचा काही भाग ‘यंग लॉर्ड्स’ आणि ‘ब्लॅक पँथर’च्या कार्यकर्त्यांनी ताब्यात घेतला आणि व्यसनमुक्तीचा स्वतःचा कार्यक्रम सुरू करायला लावला. मेथाडोन म्हणजे आमच्या मुलांना शांत ठेवण्याची सरकारी युक्ती, अशी शंका त्यांच्यातल्या अनेकांना होती. त्या औषधाने जीव वाचतात हे आज निर्विवाद आहे. पण रोज रांगेत उभे करणाऱ्या व्यवस्थेबद्दल ती शंका का उपजली, हेही समजण्यासारखे आहे.

एक औषध, दोन दारे

१९६६ साली इंग्लंडमधल्या हल शहरात रेकिट अँड कोलमन कंपनीच्या प्रयोगशाळेत ब्युप्रेनॉर्फिन तयार झाले. ते वेदनाशामक म्हणून शोधले होते. व्यसनावर ते उपयोगी पडेल, हे लेक्सिंग्टनच्याच संशोधन केंद्रातले डोनाल्ड जॅसिन्स्की यांनी १९७८ साली दाखवले. या औषधाचा एक गुण फार मोलाचा आहे. मात्रा वाढवत गेले तरी एका मर्यादेपलीकडे त्याचा श्वासावरचा परिणाम वाढत नाही. त्यामुळे ते मेथाडोनपेक्षा सुरक्षित आणि घरी न्यायला योग्य. फ्रान्सने १९९५ पासून साध्या कुटुंबवैद्यांना ते लिहायला मोकळीक दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले.

अमेरिकेने २००० सालच्या कायद्याने दार किलकिले केले. डॉक्टरने आठ तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, सरकारला कळवायचे आणि मग मोजक्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायचे. सुरुवातीला मर्यादा ३० रुग्णांची होती, २००६ मध्ये ती १०० झाली आणि २०१६ मध्ये २७५. अशा डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकाच्या आरंभी ‘एक्स’ हे अक्षर असे, म्हणून या परवान्याचे नाव ‘एक्स-वेव्हर’ पडले. २००२ च्या ऑक्टोबरात औषधाला मान्यता मिळाली.

या कायद्यामागची कल्पनाचित्रे हेलेना हॅन्सन आणि ज्यूल्स नेदरलँड या अभ्यासकांनी बारकाईने तपासली आहेत. मेथाडोनच्या रांगेत उभा राहणार नाही असा उपनगरातला, नोकरदार, नव्या प्रकारचा रुग्ण धोरणकर्त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तो म्हणजे बहुधा गोरा. कायद्यात कुठेही वर्णाचा उल्लेख नाही. पण खासगी दवाखान्यात, भेटीची वेळ घेऊन, बहुतेकदा रोख पैसे मोजून मिळणारे औषध कोणाला मिळणार, हे आधीच ठरल्यासारखे होते. मिशिगन विद्यापीठातल्या पूजा लगिसेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये राष्ट्रीय पाहण्यांतून काढलेले चित्र असे: २०१२ ते २०१५ या काळात ब्युप्रेनॉर्फिनसाठी गोऱ्या रुग्णांच्या भेटी सुमारे १ कोटी २७ लाख होत्या, तर इतर सर्व वर्णांच्या मिळून सुमारे ३ लाख ६३ हजार. स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्यांचे प्रमाण जवळपास ४० टक्के होते.

म्हणजे एकाच आजाराला दोन दारे झाली. एका दाराशी रोजची रांग आणि मूत्रतपासणी, दुसऱ्या दाराशी भेटीची वेळ आणि महिनाभराची चिठ्ठी. आजारी बाई आणि गुन्हेगार परका ही शंभर वर्षांपूर्वीची विभागणी नव्या वेशात परतली.

तिसरे दार

या दोन्ही दारांपाशी न पोहोचणारी माणसे मात्र एका ठिकाणी हमखास येत होती. ते ठिकाण म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

हा विभाग आज आपण गृहीत धरतो, पण स्वतंत्र वैद्यकशाखा म्हणून तो तसा नवा आहे. या विषयाचे अमेरिकेतले पहिले पदव्युत्तर प्रशिक्षण १९७० साली सिनसिनाटीत सुरू झाले आणि शाखेला मान्यता मिळाली ती १९७९ मध्ये. त्याला आजचे सामाजिक रूप आले ते १९८६ च्या कायद्याने. त्याआधी खासगी रुग्णालये विमा नसलेल्या रुग्णांना गाडीत घालून सरकारी रुग्णालयात ढकलून देत. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा ४६७ रुग्णांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यांत ८९ टक्के काळे किंवा लॅटिनो होते. त्याच वर्षी कायदा झाला, की तातडीच्या विभागात आलेल्या प्रत्येकाला पैशांची विचारणा आड न येऊ देता तपासलेच पाहिजे आणि त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे. अमेरिकी आरोग्यव्यवस्थेत कोणालाच नाही म्हणता न येणारे हे जवळजवळ एकमेव दार.

व्यसनी रुग्णाच्या बाबतीत ‘स्थिर करणे’ म्हणजे काय समजले जाई? ओव्हरडोस झालेल्या माणसाचा श्वास थांबत आलेला असतो. नॅलोक्सोन टोचले की तो काही मिनिटांत उठून बसतो. हे औषध १९७१ पासून उपलब्ध आहे. मग त्याच्या हातात केंद्रांच्या दूरध्वनी क्रमांकांचा कागद द्यायचा आणि निरोप द्यायचा. हृदयविकाराचा झटका आलेल्याला कोणी हृदयरोगतज्ज्ञांची यादी देऊन घरी पाठवत नाही. इथे मात्र तीच रीत होती.

या रीतीला पहिला मोठा धक्का येल विद्यापीठातल्या डॉ. गेल डोनोफ्रिओ यांच्या चाचणीने दिला. न्यू हेवनच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात आलेल्या ३२९ व्यसनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. पहिल्या गटाला केंद्रांची माहिती दिली. दुसऱ्याशी थोडा वेळ समुपदेशनाचे बोलणे केले आणि केंद्राशी गाठ घालून दिली. तिसऱ्याला तेही केले आणि शिवाय तिथल्या तिथे ब्युप्रेनॉर्फिन सुरू करून, साध्या दवाखान्यातल्या भेटीपर्यंत पुरेल एवढे औषध दिले. एप्रिल २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीस दिवसांनी उपचारात टिकलेले रुग्ण पहिल्या गटात ३७ टक्के, दुसऱ्यात ४५ टक्के आणि तिसऱ्यात ७८ टक्के. आठवड्यातले नशेचे दिवस तिसऱ्या गटात सरासरी ५.४ वरून ०.९ वर आले. इतर गटांत ते दोनच्या वरच राहिले.

या आकड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. मूत्रतपासणीत तीन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. सहा महिने आणि वर्षभरानंतर पाहिले तेव्हा गटांमधला उपचाराचा फरकही उरला नव्हता, कारण चाचणीतली दवाखान्याची सोय दहा आठवड्यांपुरती होती. त्यातून निघणारा अर्थ असा, की दारात औषध दिल्याने माणूस आत येतो. तो आत राहावा यासाठी पुढची खोलीही असावी लागते.

पण दारात औषध देणे का निकडीचे, हे बॉस्टनमधले तातडीच्या विभागाचे डॉक्टर स्कॉट वायनर यांच्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवले. मॅसॅच्युसेट्स राज्यात ओव्हरडोसमधून वाचून तातडीच्या विभागातून बाहेर पडलेल्या ११,५५७ रुग्णांपैकी ६३५ जण वर्षाच्या आत मरण पावले. त्यांतले १३० पहिल्या महिन्यात गेले, आणि २९ जण पहिल्या दोन दिवसांत. तीन दिवसांच्या नियमाची मुदत संपायच्या आत. दुसरीकडे मार्क लारोशेल आणि सहकाऱ्यांनी त्याच राज्यातल्या, ओव्हरडोसमधून वाचलेल्या १७,५६८ जणांचा अभ्यास केला होता. पुढच्या वर्षभरात मेथाडोन मिळाले ११ टक्के लोकांना, ब्युप्रेनॉर्फिन १७ टक्के लोकांना. ज्यांना मिळाले त्यांच्यात अफूवर्गीय पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मेथाडोनमुळे ५९ टक्क्यांनी आणि ब्युप्रेनॉर्फिनमुळे ३८ टक्क्यांनी कमी आढळले.

मग प्रश्न उरतो तो वाटपाचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले तातडीच्या विभागाचे डॉक्टर ऑस्टिन किलारू यांनी मुद्दाम खासगी विमा असलेलेच ६,४५१ रुग्ण निवडले. म्हणजे पैशांची सबब बाजूला पडावी. ओव्हरडोसनंतर नव्वद दिवसांत पुढचा उपचार मिळाला तो केवळ १६.६ टक्के लोकांना. आणि काळ्या रुग्णांना तो मिळण्याची शक्यता गोऱ्यांच्या तुलनेत निम्मी. सर्वांच्या खिशात विम्याचे कार्ड होते, सर्व जण त्याच खुल्या दारातून आले होते, तरी बाहेर पडताना वाटा वेगळ्या झाल्या. दार सर्वांना उघडे असणे आणि आतली वागणूक सारखी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किलारूंच्या आकड्यांचा मला लागलेला अर्थ हा.

नियम गेल्यावर

अशा अभ्यासांचा आणि डॉक्टरांच्या संघटित मागणीचा परिणाम झाला. कॅलिफोर्नियात २०१८ पासून ‘ब्रिज’ या कार्यक्रमाखाली अनेक रुग्णालयांनी कॅज्युअल्टीतच ब्युप्रेनॉर्फिन सुरू करायची रीत घातली. तीन दिवसांच्या नियमातली रोज येण्याची अट २०२२ पासून सैल झाली. तीन दिवसांचे औषध एकदम हातात देता येऊ लागले. आणि २९ डिसेंबर २०२२ रोजी सही झालेल्या अर्थसंकल्पी कायद्याने ‘एक्स-वेव्हर’ पूर्ण रद्द झाला. अमली औषधे लिहिण्याचा साधा परवाना असलेला कोणताही डॉक्टर आता ब्युप्रेनॉर्फिन लिहू शकतो.

इतके होऊन चित्र पालटले का? लिहिणाऱ्या डॉक्टरांची संख्या वाढली, पण औषध घेणाऱ्या रुग्णांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली दिसली नाही. २०२३ सालीही अमेरिकेत ओव्हरडोसने १ लाख ५ हजारांहून अधिक माणसे मेली. २०२० मध्ये काळ्यांचा ओव्हरडोसचा मृत्युदर गोऱ्यांच्या पुढे गेला होता. १९९९ नंतर असे प्रथमच घडले. मेथाडोन अजूनही केंद्रांतच आहे. कायदा बदलला तरी औषधाचे दुकानदार साठा ठेवायला कचरतात, विमा कंपन्या आधी परवानगी घ्या म्हणतात, आणि डॉक्टरांच्या मनात ‘हे आपले काम नव्हे’ ही १९२० च्या दशकात शिरलेली भावना पुरती निघालेली नाही. लिंडर निकालानंतर जे झाले त्याची ही पुनरावृत्तीच आहे. दाराची कडी काढली म्हणजे लोक आत येतातच असे नाही.

आपल्या अंगणात

हे सगळे दूरदेशीचे म्हणून वाचून सोडून देता येत नाही. १९८० च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर पसरली तेव्हा ‘गर्द’ आणि ‘गर्दुल्ला’ हे शब्द मराठीत रुळले. गर्दुल्ला म्हटले की पुलाखाली पडलेला, चोऱ्या करणारा कोणी तरी डोळ्यांपुढे येतो. त्याच घरातल्या सुशिक्षित मुलाबद्दल बोलताना मात्र आपण ‘त्याला व्यसन लागले’ असे म्हणतो. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या पुस्तकात या मुलांची आणि त्यांच्या घरांची ओळख करून दिली. पुढे डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या पाठबळाने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची सवय महाराष्ट्राला लावण्यात त्या कामाचे स्थान मोठे आहे.

पण गरज आणि सोय यांतली दरी इथेही खोल आहे. केंद्र सरकारने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात अफूवर्गीय पदार्थ घेणारे लोक सुमारे २ कोटी २६ लाख आहेत आणि मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांत एकाला, तर दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांत एकाला काही ना काही उपचार मिळतो. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन देणे सुरू केले, आणि तिथेही पहिल्यापासून वाद झाला तो रोज केंद्रात यायला लावायचे की औषध घरी द्यायचे याचाच. हजेरी लावायची की विश्वास टाकायचा, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या खिडकीपासून लुधियानाच्या खिडकीपर्यंत एकच आहे.

आपल्या सरकारी रुग्णालयांतली कॅज्युअल्टीही कोणाला नाही म्हणत नाही. टर्की लागलेला, थरथरणारा, घामाने डबडबलेला मुलगा रात्री तिथे येतो. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर उपचार सुरू करायला ही वेळ सर्वांत योग्य. कारण ब्युप्रेनॉर्फिन नशा अंगात असताना दिले तर उलटते आणि यातना एकदम वाढवते, उतार सुरू झाल्यावर दिले तरच मानवते. जो क्षण डॉक्टरला सर्वांत त्रासाचा वाटतो, तोच औषधाच्या दृष्टीने मुहूर्ताचा असतो. त्या क्षणी समोरच्याला सलाईन लावून, सकाळी मनोविकार विभागात जा असे सांगून वाटेला लावायचे, की पहिली गोळी आणि दुसऱ्या दिवशीची नक्की वेळ द्यायची, एवढाच निर्णय असतो. तो कोणाच्या बाबतीत कसा घेतला गेला आणि त्या माणसाचे पुढे काय झाले, हे रुग्णालयाच्या नोंदवहीत लिहिले गेले पाहिजे. डोनोफ्रिओ, वायनर आणि किलारू यांनी केले ते मुळात एवढेच. दारातून कोण आले, काय घेऊन बाहेर पडले आणि नंतर जगले की नाही, हे त्यांनी मोजले. शंभर वर्षे समजुतीवर चाललेला कायदा त्या मोजणीपुढे हलला.